बोटभर जास्त

टोरोंटोच्या नॉर्थ यॉर्कमधल्या त्या स्कीच्या दुकानात गुणवंत रामटेकेला सगळे 'जी' म्हणत. अख्खं नाव घ्यायला जीभ वळत नाही म्हणून मालकाने पहिल्याच दिवशी पहिलं अक्षर ठेवलं आणि बाकीचं कापून टाकलं. गुणवंतनेही हरकत घेतली नाही. नवा देश, तोंडावर हिवाळा, घरात दोन वर्षांची पोर. हरकत घेतो कोण? पुढे त्याच 'जी'चं नाव झालं. लांबलांबचे लोक फोन करून विचारत, जी कधी असतो, आणि जी नसला तर दुसऱ्या दिवशी येत.

काम काय, तर बूट पायाला नीट बसवून द्यायचे. स्कीचा बूट म्हणजे बाहेर प्लॅस्टिकचं कडक कवच आणि आत मऊ अस्तर, त्याला लायनर म्हणतात. बुटाबरोबर आलेलं लायनर पुष्कळांना धड बसत नाही, म्हणून ते वेगळं, जास्त चांगलं लायनर घेतात. ते भट्टीत दहा-बारा मिनिटं तापवायचं, गिऱ्हाइकाच्या पायाच्या बोटांवर फोमची टोपी चढवायची, पाय गरम लायनरमध्ये, लायनर कवचात, बकलं लावायची आणि मग दहा मिनिटं माणसाने हलायचं नाही. थंड होता होता लायनर पायाचा आकार धरतं. ऐकायला सोपं आहे. पण घोट्याला नेमकं कुठे टोचतंय, टाच खरंच बसली की गिऱ्हाईक भिडेखातर हो म्हणतंय, हे कळायला हात लागतो. गुणवंतचा हात तसा होता. नागपूरला तो कृत्रिम पाय बनवणाऱ्या केंद्रात बारा वर्षं तंत्रज्ञ होता. कॅनडाने त्याचं सर्टिफिकेट पाहिलं आणि सांगितलं, पुन्हा शिका, चार वर्षं. सस्काटूनला एक हिवाळा गोदामात खोकी उचलून तो टोरोंटोला आला आणि या दुकानातल्या बुटक्या स्टुलावर बसला, तो तेरा वर्षं बसलाच.

ते स्टूल मात्र त्याला कधी पचलं नाही. त्याच्या आज्याला गावात लोकांच्या चपलांजवळ बसावं लागे, तेही बोलावलं तर. बाप तिथून उठून नागपूरला गिरणीत आला, आणि पोराला एकच गोष्ट सांगून गेला, की काहीही कर, पण कुणाच्या पायाशी बसू नको. केंद्रात गुणवंतच्या अंगावर पांढरा कोट होता, पेशंट त्याला साहेब म्हणत. इथे तो रोज आठ तास लोकांच्या पायाशी, त्यांचे ओले मोजे हातात घेऊन. म्हणून मंडळात, महिन्याला वंदनेसाठी जमणाऱ्या आपल्या माणसांत, कुणी विचारलं की तो सांगायचा, ऑर्थोटिक्समध्ये आहे, म्हणजे अधू हातापायांना आधार बनवण्याच्या कामात. बँकेतली, सरकारी ऑफिसातली ती मंडळी मान डोलवायची. तसं काही हे अगदीच खोटं नाही, असं तो प्रीतीला, बायकोला, समजवायचा. कसलं नाही! धडधडीत खोटं होतं, आणि त्याने ते पोरीलाही शिकवलं. दीप्ती सात वर्षांची असताना शाळेत वडिलांचं काम सांगायचं होतं. बाबा मेडिकलमध्ये आहेत, लोकांचे पाय नीट करतात, एवढंच सांग, दुकानाचं बोलू नको, असं त्याने तिला बजावलं. प्रीती भडकली, लाज वाटण्यासारखं काय करता तुम्ही, म्हणाली. पण पोर बापाची आज्ञाधारक. तिने तसंच सांगितलं आणि पुढची आठ वर्षं तेच सांगत राहिली.

या दीप्तीला शाळेच्या सहलीत स्की सापडलं आणि तिला वेडच लागलं. बापाने ज्या बर्फावर आयुष्यात पाय घसरू दिला नाही, त्या बर्फावरून पोर सुसाट खाली येऊ लागली. क्लबच्या टीममध्ये गेली, शर्यतीत उतरू लागली. शनिवार-रविवारी पुण्याचा शैलेंद्र, सॉफ्टवेअरवाला, आपल्या मुलीबरोबर, ऊर्मीबरोबर, तिलाही गाडीतून टेकडीवर न्यायचा. गुणवंतला जाणं जमत नसे, शनिवार-रविवारीच तर दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. त्यामुळे कोच मॉरीनने दीप्तीच्या बापाला कधी पाहिलंच नव्हतं. पंधराव्या वर्षी पोरीच्या डोळ्यांसमोर एकच गोष्ट होती. फेब्रुवारीत प्रांताच्या टीमची निवड. त्यासाठी ती अंधारात उठून बेसमेंटमध्ये उड्या मारायची, वाढदिवसाचा केकसुद्धा तिने चमचाभर खाल्ला.

आता गुणवंतची आई कमलाबाई हिच्याबद्दल सांगायला पाहिजे, कारण घोळ तिथून सुरू होतो. कमलाबाई पोराचा पाय रद्दी पेपरवर ठेवून भोवती पेन्सिल फिरवायची. मग त्या रेघेच्या बाहेर बोटभर जागा सोडून दुसरी रेघ काढायची आणि दुसऱ्या रेघेवर कापलेला कागद घेऊन बाजारात जायची. वाढता पाय आहे, म्हणायची. गुणवंतचं सगळं बालपण बुटाच्या पुढच्या टोकात कागदाचे बोळे कोंबण्यात गेलं. बूट मापात यायचा तेव्हा त्याचा तळ गेलेला असायचा.

गुणवंतने त्यातला पेन्सिलचा भाग ठेवला. दीप्तीच्या दर वाढदिवसाला तो कागदावर तिचा पाय काढायचा, पण रेघ एकच. दुसरी रेघ आपण काढत नाही, याचा त्याला कोण अभिमान! दुकानात देशी आईबाप यायचे, एक साइज बडा दे दो भैया, बच्चे का पैर बढेगा, म्हणायचे, आणि हा त्यांना अर्धा अर्धा तास हिंदीतून समजावायचा. बूट मोठा झाला की टाच उचलते. टाच उचलली की स्की ऐकत नाही. जाड लायनर घालून मोठा बूट लहान करता येत नाही, कारण लायनर दबतं आणि महिन्याभरात पुन्हा पोकळी. लोक ऐकायचे, कारण जी सांगतोय.

आणि मग ऑक्टोबरात दुकानात शर्यतीच्या बुटाचं एक कवच आलं. अव्वल, जेमतेम एक हिवाळा वापरलेलं, मालक स्टाफला द्यायला तयार. दीप्तीच्या पायापेक्षा एक साइज मोठं. गुणवंतने ते हातात घेतलं, फिरवून पाहिलं, आणि तेरा वर्षांची अक्कल एका क्षणात कुठे गेली कोण जाणे. पुढच्या वर्षी पाय भरेल, तोवर जाड लायनर टाकू, आपण आहोत ना, असं तो मनाशी म्हणाला. दुसऱ्याला जमत नाही ते आपल्या हाताला जमेल, ही घमेंड होती ती. नोव्हेंबरात, दीप्तीच्या वाढदिवसाला, त्याने पंधरावा कागद काढला आणि चौदाव्यावर ठेवला, तर रेघेवर रेघ बसली. पोरीचा पाय वाढायचा थांबला होता. हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. कागद फाइलला लावले आणि गप्प बसला.

डिसेंबरात दीप्ती म्हणाली, टाच हलते. त्याने लायनर पुन्हा तापवलं, टाचेमागे फोमचे तुकडे चिकटवले. जानेवारीत ती पुन्हा म्हणाली. त्याने तिसऱ्यांदा तापवलं आणि वर सांगितलं की बकलं घट्ट लाव, तुझं लक्ष वळणावर नसतं. पोरीने मान खाली घातली. नंतर तिने तक्रार केली नाही. वेळ मात्र दर शर्यतीत घसरत गेली, जी ऊर्मी तिच्या मागे असायची ती पुढे गेली.

निवडीला दहा दिवस असताना एका गुरुवारी दुपारी दुकानाचं दार उघडलं आणि मॉरीन आत आली. तिच्यामागे, हातात बूट घेऊन, दीप्ती. दुसऱ्या दुकानात जाऊ, असं पोरीने गाडीत दोनदा सुचवलं होतं. पण मॉरीनला टेकडीवर दहा जणांनी सांगितलेलं, पायाचं काम असेल तर नॉर्थ यॉर्कच्या जीकडेच जा. गुणवंत स्टुलावरून उठला. बाप आणि लेक यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघांनीही ओळख दाखवली नाही. ठरवलं नव्हतं. आठ वर्षांची सवय, आपोआप झालं.

मॉरीनला बुटांतलं कळत होतं. तिने लायनर उपसून बाहेर काढलं, दीप्तीला नुसता पाय कवचात घालायला लावला, बोटं पुढे टेकवायला सांगितली आणि टाचेमागे आपली बोटं घातली. शर्यतीच्या बुटात तिथे एक बोट जेमतेम जायला हवं. तीन गेली. मग तिने लायनर उलटं करून फोमचे तुकडे पाहिले, एकावर एक चिकटवलेले, आणि तिचा चेहरा लाल झाला. हे कुणी केलं, तिने दीप्तीला विचारलं. आठवत नाही, दीप्ती जमिनीकडे बघत म्हणाली. मालक शेजारच्या काउंटरवरून मान लांब करून बघू लागला होता; दीप्तीला त्याने कधी पाहिलं नव्हतं. मॉरीन गुणवंतकडे वळली. तुमच्याकडे इतकी मुलं येतात, तुम्हीच सांगा, एका मुलीच्या पायाशी असा खेळ कोण करतो, असं तिने विचारलं.

एक वाक्य पुरलं असतं. मी केलं, ही माझी मुलगी आहे, माझं चुकलं. अरे, बोलायचं होतंस की! मालकाने हाकललं नसतं, मॉरीनने खाल्लं नसतं. पण त्याला समोर मालक दिसला, तेरा वर्षं कमावलेला तो 'जी' दिसला, आणि गुणवंत रामटेके तिथे नव्हताच असं झालं.

"समबडी हू डझन्ट नो फीट," तो म्हणाला.

दीप्तीने मान वर केली आणि त्याच्याकडे पाहिलं, पुन्हा खाली घातली.

पुढचं काम त्याने जीव ओतून केलं, तेवढं मात्र मान्य करायला हवं. मापाचं कवच काढलं, पातळ, घट्ट विणीचं लायनर निवडलं, भट्टी लावली. बुटक्या स्टुलावर बसून त्याने आपल्या पोरीचा पाय मांडीवर घेतला. घोट्यावर टोचल्याची लाल खूण होती, टाचेला फोड फुटून कातडी कडक झालेली. त्यावरून त्याने एकदा बोट फिरवलं. त्याने बोटांवर टोपी चढवली, गरम लायनरमध्ये पाय सरकवला, बकलं लावली. आता दहा मिनिटं. मॉरीन कॉफी आणायला बाहेर पडली, मालक फोनवर लागला.

"मी तुझा बाप आहे हे तिला कधी सांगितलं काहून नाही, बेटा?" त्याने खालूनच, हळू आवाजात विचारलं.

"यू टोल्ड मी नॉट टू," ती म्हणाली. मग थोडं थांबून मराठीत बोलली, घराबाहेर कधी बोलत नसे ती भाषा. "मी तुम्हाला वाचवलं, बाबा. तुम्ही कोणाला वाचवलं?"

 त्याने बुटाच्या बकलाकडे पाहिलं, मग घड्याळाकडे.

"हलू नको," तो म्हणाला. "आकार बिघडेल."

ती हलली नाही. उरलेली सहा मिनिटं ती त्याच्या डोक्यावरून समोरच्या भिंतीकडे बघत उभी राहिली. मॉरीन आली तेव्हा टाच मुळीच उचलत नव्हती. गुडघा पुढे रेटून पाहिला, एका पायावर उभं करून पाहिलं, सगळं चोख. मॉरीन खूश झाली. बूट बसवणाऱ्याला वरचे पैसे द्यायची इकडे पद्धत आहे. तिने पर्समधून वीस डॉलरची नोट काढली, दीप्तीच्या हातात दिली आणि सांगितलं, या गृहस्थांना दे आणि त्यांचे आभार मान.

दीप्तीने नोट पुढे केली. नको म्हणायचं तर का नको ते सांगावं लागलं असतं. गुणवंतने नोट घेतली.

"थँक यू, सर," ती म्हणाली.

"यू आर वेलकम," तो म्हणाला. सगळ्यांना म्हणायचा तसंच.

दीप्तीची निवड झाली. चौदा एप्रिलच्या कार्यक्रमात मंडळाने तिला शाल दिली, निवेदकाने वडील मेडिकल क्षेत्रात आहेत असं सांगितलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. प्रीतीने वाजवल्या नाहीत. तिला सगळं कळलं होतं, पोरीने नाही, त्यानेच सांगितलं होतं. पोरीची त्याने माफीही मागितली, दोनदा. इट्स फाइन, बाबा, असं ती दोन्ही वेळा म्हणाली, आणि विषय संपला.

नोव्हेंबरात ती सोळा वर्षांची झाली. गुणवंत कागद-पेन्सिल घेऊन तिच्या खोलीच्या दाराशी उभा राहिला. आय अ‍ॅम टू ओल्ड फॉर दॅट, ती हसून म्हणाली. अगदी चांगलं हसली. त्या हिवाळ्यात बुटांचं काही काम निघालं की ती सबवेची भुयारी गाडी आणि एक बस बदलून शहराच्या दुसऱ्या टोकाच्या दुकानात जाऊ लागली. तिथे कोण बसतं ते तिने सांगितलं नाही आणि त्याने विचारलं नाही.

दुकानात अजून लोक जीला शोधत येतात. गेल्या वर्षीचं गिऱ्हाईक दारात दिसलं तरी तो माप तोंडपाठ सांगतो, डावा पाय किंचित मोठा हेसुद्धा. बेसमेंटमधल्या फाइलला पंधरा कागद आहेत. दीप्तीच्या पायाचं आजचं माप काय, ते त्याला सांगता येणार नाही.