चॅम्पियनच्या पाठीवरचं तुफान

पुस्तकं बांधणाऱ्या बाइंडरला गल्लीत सगळे 'पैलवान' म्हणत. जोराच्या वाऱ्यात छत्री उघडायला जो माणूस घाबरतो, त्याला पैलवान म्हणण्यात गल्लीची विनोदबुद्धी एकदाच चमकली होती, आणि पुढे तेवढ्यावरच तिने वीस वर्षं काढली. आयुष्यात त्याने कुणावर हात उगारला असेल तर डासांवर, आणि तोही बायकोने दोनदा सांगितल्यावर.

पण त्याच्या घरात शिरलात की चारही बाजूंनी ठोसे रोखलेले दिसत. रस्त्याकडच्या खोलीत छतापासून फरशीपर्यंत जुन्या बॉक्सिंग सामन्यांची पोस्टरं होती. एकूण दोनशे तेरा. भिंतीवर मावली तेवढी भिंतीवर, उरलेली पलंगाखाली. मिशीवाले, टकले, नाक मोडलेले, नाक अजून मोडायचं राहिलेले असे सगळे मुष्टियोद्धे येणाऱ्या-जाणाऱ्याकडे डोळे वटारून उभे. ही फौज त्याने भंगारवाल्यांच्या गठ्ठ्यांतून आणि बंद पडलेल्या बॉक्सिंग हॉलच्या मागच्या खोलीतून गोळा केली होती. एक पोस्टर एका न्हाव्याच्या आरशामागे चिकटलेलं आहे असं कळल्यावर त्याने महिन्यात तीनदा केस कापून घेतले होते. डोक्यावर एकूण केस सतरा. तिसऱ्या खेपेला न्हाव्यालाच दया आली आणि त्याने आरसा उतरवला.

प्रत्येक पोस्टरची नोंद त्याच्या वहीत होती. क्रमांक, तारीख, लढणाऱ्यांची नावं, कुठे फाटलंय, कुठे डाग आहे. वहीत आहे ते आहे, वहीत नाही ते जगात नाही, असा त्याचा साधा हिशेब होता. आणि या वहीनेच त्याचं आणि सासऱ्यांचं बोलणं तोडलं.

सासरे निवृत्त पोस्टमन. तरुणपणी आपण त्या मोठ्या हॉलमध्ये एकदा लढलो होतो आणि पोस्टरवर आपलं नाव छापलं होतं, ही त्यांची आवडती गोष्ट. नाव म्हणजे रिंगणातलं नाव: 'टपालखात्याचं तुफान'. दर वर्षी या गोष्टीतल्या प्रतिस्पर्ध्याचं वजन चार किलोंनी वाढे. घरातले सगळे ती गोष्ट जेवणानंतरच्या सुपारीसारखी चघळत आणि कुणाचं काही बिघडत नसे.

अकरा वर्षांपूर्वी मेहुण्याच्या सासरची मंडळी जेवायला आली होती. गोष्ट रंगात आली तेव्हा त्यांच्यातलं कुणीतरी बाइंडरकडे वळून म्हणालं, "मग ते पोस्टर तुमच्याकडे असेलच की!"

शहाण्या जावयाने अशा वेळी 'शोधतोय' म्हणून भात वाढून घ्यावा. हा उठला, हात धुतले, आत जाऊन वही घेऊन आला. बोटाला थुंकी लावून पानं उलटली आणि न्यायाधीशाच्या आवाजात म्हणाला, "त्या वर्षीची सात पोस्टरं आहेत. सातांत मामांचं नाव नाही."

सासरे अर्ध्या ताटावरून उठले.

सासरे त्या दिवसापासून त्याच्याशी बोलले नाहीत. म्हणजे बोलत, पण मुलीच्या मार्फत. तो समोर बसलेला असतानाही, "तुझ्या नवऱ्याला सांग, पंखा कमी कर." आणि तुझा नवरा मुकाट्याने पंखा कमी करी. ती गोष्ट मात्र म्हाताऱ्याने पुन्हा कधीच सांगितली नाही. प्रतिस्पर्ध्याचं वजन वाढायचं थांबलं, आणि घर उगाचच मोठं आणि गप्प वाटू लागलं.

यंदा सासरे आपल्या दुसऱ्या मजल्यावरच्या घराच्या जिन्यात घसरले. गुडघा दुखावला. एकटा माणूस, दोन जिने. मुलीने हट्टाने आपल्या घरी आणलं आणि पोस्टरांच्या खोलीत पलंगावर निजवलं, कारण तिथे पायरी नव्हती. "पंधरा दिवस," म्हाताऱ्याने बजावलं. "सोळाव्या दिवशी मी माझ्या घरी." त्यांनी बॅगसुद्धा उघडली नाही. पट्टे आवळलेली ती बॅग पलंगाच्या पायथ्याशी उभी, गाडीची वाट पाहत असल्यासारखी. लागेल तो कपडा ते वरच्या फटीतून बोटांनी ओढून काढत.

बाराव्या दिवशी बायकोने बाइंडरला स्वयंपाकघरात गाठलं.

"ते परत जाणार म्हणतायत. पुन्हा जिन्यात पडले तर उचलायला कोण आहे तिथे? एकदा माफी माग आणि मोकळा हो."

"माफी कशाची? वहीत नाही ते नाही."

"तुला आणि तुझ्या वहीला एकाच पुठ्ठ्यात बांधून टाकायला हवं," बायको म्हणाली. "आणि तो समोरचा लाल चड्डीवाला खाली काढ. बाबा म्हणतात, त्याच्या तोंडाकडे बघून जेवण जात नाही."

लाल चड्डीवाला म्हणजे पोस्टर क्रमांक एक. बाइंडरचा जीव की प्राण! सगळ्या देशात ज्याच्या नावाने पोरं ठोसे मारायला शिकली त्या चॅम्पियनचं, लाल आणि काळ्या शाईत छापलेलं. बाइंडर शिकाऊ होता तेव्हा हॉल बंद पडला आणि रद्दीच्या गठ्ठ्यात ते त्याला मिळालं होतं. चार ठिकाणी फाटलेलं होतं. त्याने बाइंडरने करावं तेच केलं: त्याच गठ्ठ्यातलं दुसरं एक बिनमहत्त्वाचं पोस्टर उचललं, त्याच्या छापील बाजूला भरपूर खळ लावली आणि चॅम्पियनच्या पाठीला अस्तर म्हणून चिकटवून टाकलं. त्यावर काय छापलंय ते वाचलंही नाही. उस्तादांची शिकवणच तशी होती. "बाइंडरने वाचायचं नसतं रे. वाचायला बसलास की खळ वाळते." तीस वर्षांत हजारो पुस्तकं या माणसाच्या हाताखालून गेली होती, आणि त्यातल्या एकाचाही शेवट त्याला ठाऊक नव्हता.

दुपारी सासऱ्यांचा डोळा लागलेला पाहून त्याने चॅम्पियनला खाली उतरवलं. पाठीवरची धूळ पुसायला ते उलटवून खिडकीशी धरलं. ऊन थेट काचेवर होतं. इतकी वर्षं भिंतीला पाठ लावून असलेलं ते पोस्टर पहिल्यांदाच उजेडात आडवं आलं, आणि चॅम्पियनच्या पाठीवरच्या अस्तरातून अक्षरं दिसू लागली.

उलटी अक्षरं. छापील पानं मागून-पुढून जुळवता जुळवता बाइंडरला उलटं वाचता येत असे, फक्त वाचायची सवय नव्हती. आज त्याने वाचलं. वर मोठ्या टायपात दोन अनोळखी नावं. त्याखाली मध्यम. सगळ्यात खाली, चॅम्पियनच्या गुडघ्यापाशी, मुंगीएवढ्या टायपात: 'टपालखात्याचं तुफान'.

बाइंडरने ती ओळ बोट ठेवून पुन्हा वाचली.

मागे पलंगावर सासरे घोरत होते. बायको आत होती. पोस्टर परत भिंतीला लावलं तर कुणाला कळणार होतं? वहीत फक्त दर्शनी बाजू लिहायची असा नियम होता. नियम त्याचाच होता. चॅम्पियन वाचला असता, वही वाचली असती. त्याने पोस्टर गुंडाळायला घेतलं, आणि त्याची नजर पायथ्याच्या त्या बॅगेवर गेली. आवळलेले पट्टे. फटीतून बाहेर लोंबणारी सदऱ्याची एक बाही.

तो पलंगाशी गेला. "मामा."

सासऱ्यांनी एक डोळा उघडला आणि आतल्या दिशेने ओरडले, "अगं, तुझा नवरा काहीतरी म्हणतोय वाटतं. बघ जरा."

"मामा, तुमचं नाव सापडलं. माझ्याच घरात होतं. मीच चिकटवलं होतं, चॅम्पियनच्या पाठीला. न वाचता." आणि मग, अकरा वर्षांनी, एका दमात, "चुकलं माझं."

बायको हातात उलथनं घेऊन दारात उभी राहिली. सासऱ्यांनी चष्मा मागितला. पोस्टर पुन्हा खिडकीवर धरलं. म्हाताऱ्याने ओळ न् ओळ तपासली.

"उलटं आहे," ते शेवटी मुलीला म्हणाले.

"हो," बाइंडर म्हणाला.

"त्याला सांग, अकरा वर्षं उलटंच चाललंय."

बाइंडरने मोठा ट्रे आणला, पाणी भरलं, ब्रश घेतला.

"आणि तो लाल चड्डीवाला?" बायकोने विचारलं.

"नाही राहणार. लाल शाई पाण्यात टिकत नाही." तो तिच्याकडे न बघता म्हणाला. त्याला आयुष्यभर चिकटवायचं शिकवलं होतं; सोडवायचं कुणीच शिकवलं नव्हतं. त्याने वरच्या कोपऱ्यात ब्रश टेकवला. चॅम्पियनचा डावा कान हळूच विरघळला आणि लाल ओघळ होऊन गालावर आला.

"अरे ए! थांब! पाणी काय ओततोस गाढवासारखा? वाफ दे, वाफ!"

सासरे थेट बोलले होते. गाढव म्हणाले होते, पण थेट म्हणाले होते. बाइंडरला कुणी पदक दिल्यासारखं झालं.

"बघतोस काय? किटली ठेव! वाफ दिली की चिकट सुटतं, शाई हलत नाही. सुरी बोथट घे. खालून."

"बाबा," बायको म्हणाली, "तुम्हाला हे कसं माहीत?"

"भिजलेली पाकिटं एकमेकांना चिकटून यायची. सोडवावी लागत. नोकरीच होती ती."

"आणि न भिजलेली?"

"तू किटली बघ, किटली!"

मग जो सामना झाला तो दोन तास चालला. सासरे उशीला टेकून, दुखरा पाय लांब करून, रिंगणाच्या कोपऱ्यातल्या प्रशिक्षकासारखे ओरडत होते. "घाई नको. डावीकडून ये. आता दम घे. अगं, त्याला पाणी दे प्यायला!" बाइंडर घामाने निथळत होता. जाड कागद इंच इंच सुटत होता, आणि आपण तरुणपणी खळ इतकी चांगली का लावली याचा त्याला पहिल्यांदाच पश्चात्ताप होत होता. दिवेलागणीला शेवटचा कोपरा सुटला. चॅम्पियन एका कानावर निभावला. आणि त्याच्या पाठीवरचं पोस्टर पलंगावर सुलटं पसरलं.

पिवळं, सुरकुतलेलं, पण सगळी अक्षरं जागेवर. 'टपालखात्याचं तुफान विरुद्ध बेकरीचा बादशहा'. सासऱ्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. किटली तेवढी फुसफुसत होती.

मग मुलीने हळूच विचारलं, "बाबा, पण जिंकलं कोण?"

"पोस्टरवर लिहिलंय?"

"नाही."

"मग जावईबापू," सासरे थेट त्याच्याकडे बघून म्हणाले, "वहीत पोस्टरवर आहे तेवढंच लिहा. तुमचाच नियम आहे."

बाइंडरने वही उघडली. "क्रमांक दोनशे चौदा," तो पुटपुटत लिहू लागला.

"एक का नाही?"

"एक चॅम्पियनचा आहे, मामा."

"त्याला एक कान नाहीये."

बाइंडर विचारात पडला. तीस वर्षं दोघं एकमेकांना चिकटून उभे होते. त्यांना वेगळे क्रमांक देणं त्यालाही पटेना. शेवटी त्याने खोडलं आणि लिहिलं: 'एक आणि एक-अ. पाठोपाठ टांगावीत.'

"ठीक आहे," सासरे म्हणाले. "त्या दोघांना समोर लावा. मला दिसतील असे." मग पाय जरा हलवून, मुलीकडे न बघता, "आणि ती बॅग काढा मधून. पट्टे सोडा तिचे. उगाच पायात येते. तो बेकरीवाला म्हणजे साधा माणूस नव्हता, जावईबापू. शंभर किलोंचा होता, शंभर!"

"एकशे चार," बाइंडर म्हणाला आणि पट्टे सोडायला खाली वाकला.