लिफ्टकाकांच्या नावावरचा प्लॉट

आमचे हे चौतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करायचे. निवृत्त झाले तरी सगळे त्यांना लिफ्टकाकाच म्हणतात. बंद पडलेली वस्तू दिसली की ह्यांचे हात शिवशिवतात. अट एकच, ती वस्तू आपल्या घरातली नसावी. आमच्या बाथरूमचा नळ अजून गळतोय.

पाण्याच्या टाकीमागे बागसमिती भाजी लावायला जमिनीचे छोटे तुकडे देते, त्यातला एक आमचा. आमचा म्हणजे कागदावर ह्यांचा, कारण अर्ज केला तेव्हा विजेचं बिल ह्यांच्या नावावर होतं. माती मात्र बारा वर्षं माझ्या नखांत. हे वर्षातून एकदा समितीच्या कार्यालयात जायचे, ‘प्लॉटवर मी स्वतः काम करतो’ या ओळीखाली सही ठोकायचे आणि घरी येऊन चहा मागायचे.

मग माझे गुडघे गेले. आधी एकाचं ऑपरेशन, मग दुसऱ्याचं. दीड वर्ष मी घरात. हे म्हणाले, “तू काळजी करू नकोस, मी बघतो.” आणि खरंच, थर्मास घेऊन रोज जायचे. संध्याकाळी विचारलं की, “सगळं ठीक आहे.” भाजी का येत नाही विचारलं की, “यंदा बियाणंच खराब निघालं.” ह्यांच्या भरवशावर माणसं दहाव्या मजल्यावर जात होती, मग मी भाजीपुरता विश्वास ठेवला तर काय चुकलं?

एक दिवस समितीची नोटीस आली. सहा आठवड्यांत निम्म्या प्लॉटवर तरी लागवड दिसली नाही, तर प्लॉट प्रतीक्षायादीतल्या पुढच्या माणसाला. मी काठी टेकत ह्यांच्याबरोबर गेले आणि कपाळावर हात मारून घेतला. सगळीकडे हरळी माजलेली. माझे वाफे कुठे होते तेसुद्धा ओळखू येईना. शेजारच्या प्लॉटवाल्या नर्सबाई कौतुकानं सांगायला लागल्या, “लिफ्टकाका म्हणजे देवमाणूस हो! माझा पंप, ह्या लोकांचं फाटक, पलीकडच्या शेडचं कुलूप, सगळं करून दिलं.”

“आणि आपला प्लॉट?” मी ह्यांना विचारलं.

थर्मासचं झाकण पुसत हे म्हणाले, “त्यात काही बिघाड नव्हता गं. नुसतं गवत होतं.”

हरळी हातानं, खुरप्यानं, मुळासकट काढायची, हे मी बजावून सांगितलं. पण यंत्राशिवाय काम होतं यावर ह्यांचा विश्वासच नाही. मी फिजिओथेरपीला गेलेली बघून ह्यांनी माती घुसळायचं यंत्र आणलं आणि अख्ख्या प्लॉटवर फिरवलं. वर पालक पेरला, दोन्ही वेळा झारीनं पाणी घातलं. बाराव्या दिवशी मला हाताला धरून घेऊन गेले. “बघ, कसं उगवलंय!”

हरळी उगवली होती. यंत्रानं एकेका मुळाचे वीस वीस तुकडे केले होते आणि हरळीच्या तुकड्यातुकड्याला फूट येते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

“अहो, पालक आणि गवत यांतला फरक कळत नाही तुम्हाला?”

“लहान असताना सारखंच दिसतं,” हे म्हणाले.

राहिले चार आठवडे. मी प्लास्टिकच्या खुर्चीत बसून लांब दांड्याच्या काट्यानं माती सैल करायची आणि ह्यांनी जमिनीवर बसून मुळं वेचायची. “तुटलं! तुटलेलं आत राहिलं! काढा ते!” दिवसभर माझं तोंड चालू. मधेच कोणीतरी हाक मारायचं, “काका, जरा नळ बघता का?” आणि हे उठायला लागायचे. मी नुसतं बघितलं की परत बसायचे. ह्यांच्या बोटांना फोड आले, माझे गुडघे सुजले. पण निम्मा प्लॉट साफ झाला आणि मुळा, पालक दोन पानांवर आले. पालक या वेळी मी स्वतः वाकून तपासला.

पाहणीला समितीच्या सचिवबाई आल्या, बरोबर दोन सदस्य. टेप लावून मोजलं. “निम्म्याहून थोडं जास्तच आहे,” म्हणाल्या आणि कागदावर खूण केली. माझा जीव भांड्यात पडला. जाता जाता बाई ह्यांना म्हणाल्या, “काका, या वयात चांगली मेहनत घेतलीत.”

नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं. मान हलवली असती तरी चाललं असतं.

“छे, छे,” हे म्हणाले, “मी कसली मेहनत घेतोय! बारा वर्षं सगळं हीच करते. मी कधी हात लावला नव्हता, आणि लावला तेव्हा वाट लावली. मी आपला सहीपुरता.”

मी कोपर मारलं. सचिवबाईंनी पेन खाली केलं. “काका, मी हे ऐकलं नाही असं समजू का?”

“का? खरं तेच सांगतोय.”

मागचे दोन सदस्य एकमेकांकडे बघायला लागले. ज्याच्या नावावर प्लॉट, त्यानंच तो कसला पाहिजे, नाहीतर रद्द. बारा वर्षांत चारचौघांत पहिल्यांदा हे म्हणाले की बाग हिची आहे, आणि त्याच दमात ती घालवून बसले. भांडावं की रडावं कळेना, म्हणून मी दोन्ही केलं.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या नावानं अर्ज भरला. यादीत नंबर एक्केचाळिसावा. खिडकीतल्या कारकुनानं अर्ज वाचला. ‘पूर्वानुभव’ या रकान्यात मी ‘बारा वर्षं’ लिहिलं होतं. त्यानं रजिस्टर पुढून मागून चाळलं.

“तुमच्या नावाची नोंद नाही कुठे,” म्हणाला, आणि त्यावर रेघ मारली.

हे माझ्या मागेच उभे होते. या वेळी मात्र गप्प राहिले.