पाठ नसलेली पत्रिका

घरून डिझाइनची कामं करते म्हटलं की लोकांना वाटतं, ही बाई मटार सोलता सोलता कॉम्प्युटर चालवत असेल. तसं ते अगदीच खोटं नाही. सिडकोतल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत माझं टेबल आणि त्याच खोलीत आईची खाट. आई माझ्याकडेच असते. भाजी निवडता निवडता ती माझे क्लायंट ऐकते. हल्ली कुणी लिहीत नाही, सगळे व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून पाठवतात. वेरूळच्या हॉटेलवाल्याला मेनूकार्डावर लेणंही हवं आणि पनीरही, दोन्ही सारखंच मोठं. वाढदिवसाच्या फ्लेक्सवाल्या दादांना मागच्या कार्यकर्त्यांचे चेहरे स्पष्ट हवेत, पण आपल्या चेहऱ्यापेक्षा लहान. "जरा मोठं करा" हे वाक्य तर मी उठता बसता ऐकते. उंटावरून शेळ्या हाकणारी ही मंडळी आणि शेळी मी. माझं डोकं लवकर तापतं. आई म्हणते, "त्यांच्यावरच पोट भरतंय ना? मग तोंड कशाला वाकडं करतेस?"

बिडकीनचे चाचा मात्र मला आवडायचे. त्यांचं कापडाचं दुकान. लेक जन्मली तेव्हा त्यांनी दुकानाला तिचंच नाव दिलं होतं. दुकानाची नवी पाटी मी केली, मराठी आणि उर्दू दोन्हींत. पुढं लेकीचं लग्न ठरलं तेव्हा पत्रिकेचं कामही माझ्याकडेच आलं.

दोन भाषांच्या पत्रिका आमच्या शहराला नव्या नाहीत. भांडण असतं ते पुढची बाजू कुठली याचं. उर्दू उजवीकडून उघडते, मराठी डावीकडून. एक पुढं ठेवली की दुसरी आपोआप मागं जाते. चाचांनी एका वाक्यात निकाल लावला, "बेटा, माझ्या कार्डाला पाठच नको. पाहुन्याला वाटलं पाहिजे त्याच्यासाठी छापलं, आन गावातल्या पाटलाला वाटलं पाहिजे त्याच्यासाठी छापलं."

ऐकायला गोड, करायला नाकी नऊ. मी दोन्हीकडून उघडणारी घडी बसवली. दोन्ही तोंडांना सारखीच वेलबुट्टी दिली. मग चाचांचे निरोप सुरू झाले. वेल जरा जाड कर. नाय, पयलीच बरी व्हती. सोनेरी रंग सोन्यावानी दिसंना. मी दात खाऊन बदल करत राहिले.

प्रूफ बघायला चाचा स्वतः आले. सोबत लेक होती. ती करमाडजवळच्या एका शाळेत शिकवते. तिनं मराठी बाजू वाचली, मान डोलावली. पत्रिका उलटली, उर्दू बाजू वाचली आणि हळूच टेबलावर ठेवली.

"अब्बा, इसमें मेरा नाम नहीं है."

मला उर्दू वाचता येत नाही. मजकूर चाचांच्या थोरल्या भावांनी लिहून पाठवला होता, मी तो नुसता बसवला होता. तिनं वाचून दाखवलं, तिथं फक्त 'नेक लेक' अशा अर्थाचे शब्द होते. काही घरांत तसा रिवाज असतो. पत्रिका कुणाच्याही हाती पडते, म्हणून मुलीचं नाव छापत नाहीत.

ती माझ्याकडे वळून स्वच्छ मराठीत म्हणाली, "मॅडम, मराठी बाजू माझी शाळा वाचणार, गाव वाचणार. उर्दू बाजू माझ्या खाला आणि फुफी, म्हणजे मावश्या-आत्या वाचणार. म्हणजे बाहेरच्यांना माझं नाव कळणार, आणि ज्यांनी मला कडेवर खेळवलं त्यांच्यासाठी मी नुसती लेक."

"रिवाज हाय बेटा," चाचा म्हणाले. "मजकूर बडे अब्बांनी लिवलाय, ते नाराज व्हतील. त्यांच्या शब्दाबाहेर मी कधी गेलोय का?"

क्लायंट म्हणेल ती पूर्व दिशा, हा आमच्या धंद्याचा नियम. पण दोन क्लायंट समोर बसले आणि दोघांची पूर्व वेगवेगळी निघाली तर काय करायचं? गप्प बसणं शहाणपणाचं होतं, आणि तेच मला कधी जमलेलं नाही. मी पाटीची जुनी फाइल उघडली.

"चाचा, हे काय लिहिलंय?"

"दुकानाचं नाव."

"उर्दूत?"

"हौ."

"आणि हे रस्त्यानं जाणारे सगळे वाचतात. तुमचे थोरले भाऊसुद्धा."

चाचा स्क्रीनकडे बघत राहिले. "पर ते दुकान हाय ना," ते म्हणाले.

"दुकानाच्या आधी मी होते, अब्बा," लेक म्हणाली.

चाचांनी पाणी मागितलं, प्यायले आणि काही न ठरवता दोघं निघून गेले. नंतर त्यांचा एकही निरोप आला नाही. मला धास्ती वाटायला लागली. काम गेलं तर गेलं, पण माझ्या आगाऊपणानं त्या पोरीच्या घरात भांडण लागलं असेल तर? आई म्हणाली, "कळ काढ जरा."

अखेर चाचांचा आवाज आला. "बेटा, उर्दूकडं खाली दुकानाचा पत्ता टाक. दुकानाचं नाव पाटीवर हाय तसंच टाक. पत्त्याला कोन काय म्हनतंय?" पाठोपाठ दुसरा निरोप आला, "आन जरा मोठं कर." लगेच तिसरा, "लई मोठं कर."

मी खुर्चीत एकटीच हसत सुटले. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाच्या सांगण्यावरून काहीतरी आनंदानं मोठं केलं.

नवं प्रूफ मी मोठ्या तोऱ्यात आईला दाखवलं. तिनं चष्मा लावला, दोन्हीकडून उघडून बघितलं. न कळणारी उर्दू बाजूही तिनं नीट निरखली.

"पोरीचं नाव आलं, छान झालं," ती म्हणाली. "आणि हिच्या आईचं?"

मी पत्रिका हातात घेतली. मराठी बाजूला चाचा होते, थोरले भाऊ होते, मामा होते. आई कुठंच नव्हती. उर्दू बाजूचं मी चाचांच्या लेकीला फोन करून विचारलं. तिथंही नव्हती. इतके दिवस मी नावासाठी भांडत होते आणि हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

"तुझ्या पत्रिकेवर तरी कुठं होतं?" आई मेथी निवडत म्हणाली. "सौ. व श्री. आणि पुढं तुझ्या बाबांचं नाव. त्यातली सौ. म्हणजे मी."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. म्हणूनच मला ते फार लागलं.

मी लगेच चाचांना फोन लावला आणि चाचींचं नाव विचारलं. "तिचं? ते कशाला?" चाचा गोंधळले. मग म्हणाले, "थांब, तिलाच इचार." तोवर मी चाचींचा आवाजही कधी ऐकला नव्हता.

"चाची, पत्रिकेवर टाकायला तुमचं नाव हवंय."

मागून लेक म्हणत होती, "अम्मी, बताओ ना." मग चाची हसल्या आणि त्यांनी नाव सांगितलं. मी ते परत उच्चारून दाखवलं. शेजारी आईचा हात मेथीच्या जुडीवर तसाच थांबला होता.

"जरा मोठं टाक बेटा," चाची म्हणाल्या. "मला बारीक दिसत नाय."