अठ्ठावीस वर्षं खिडकीत

क्लेमंट बॅगशॉला पबातून हाकललं तेव्हा आत त्याच्याखेरीज आम्ही आठ गिऱ्हाइकं होतो. त्यातला मी एकटाच उरलोय, म्हणून मीच सांगतो.

शहात्तर सालचा उन्हाळा. इंग्लंडमधल्या डार्बीशरच्या आमच्या डोंगरात दोन महिने थेंब नव्हता. मेंढ्या गडग्यांच्या सावलीला ओळीने बसून राहायच्या आणि ऑक्सलो गावातला एकुलता एक पब, ‘ब्लाइंड हेअर’, दुपारी बारालाच भरून जायचा. मी गावचा पोस्टमन. पत्रं वाटून झाली की सायकल भिंतीला टेकवून मीही आत शिरायचो.

क्लेमंट तेव्हा चौतीस वर्षांचा. गडगे रचणं हा त्याचा धंदा. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड. पण त्याने रचलेल्या गडग्यावरून मेंढरू तर सोडाच, सरकारी रस्ताही वळून गेलेला आहे. अंगाने आडदांड, बोलणं कमी. त्या दिवशी त्याने पाइंट, म्हणजे बिअरचा मोठा ग्लास, उचलला, उजेडाकडे धरला, हुंगला, एक घोट घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “हॉरेस, यात कांदे घालून ठेव. नाताळपर्यंत झकास मुरतील.”

हॉरेस टिंडल म्हणजे पबचा मालक. त्याची बिअर पिपातली, जिवंत. तळघरात आणल्यावरही ती आतल्या आत आंबत असते. तिला निवू द्यायचं, गाळ खाली बसू द्यायचा आणि मगच हातपंपाने ओढायची. हॉरेस पिपांजवळ मोठ्याने बोलायचादेखील नाही. त्यांची झोप मोडेल म्हणायचा. अशा माणसाला चारचौघांत लोणच्याचं सांगितल्यावर काय होणार?

“चालता हो,” हॉरेस म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. “या दारात पुन्हा पाय ठेवायचा नाही. मरेपर्यंत!”

क्लेमंटने टोपी घातली आणि तो गेला. पाइंट तसाच भरलेला राहिला. मी त्यातला एक घोट घेऊन पाहिला. क्लेमंटचं खरं होतं. उन्हाने तळघर तापलं होतं आणि बिअरचा सरळ सिरका झाला होता. हॉरेसनेही तो घेऊन पाहिला आणि तोंड वाकडं न करण्याची पराकाष्ठा केली. पण शब्द तर गेला होता, तोही आठ जणांदेखत.

दुसऱ्या दिवशी बाराला क्लेमंट आला. दाराशी थांबला नाही. हातपंपांच्या बाजूची जी खिडकी रस्त्यावर उघडते तिच्याबाहेर त्याने मेंढ्यांच्या खाद्याची एक पेटी पालथी घातली आणि वर चढून उभा राहिला. खांद्यापासून वरचा क्लेमंट आम्हाला दिसू लागला.  हॉरेसने थोडा वेळ एक स्वच्छ ग्लास परत स्वच्छ पुसला. मग नवीन पिपातला पाइंट ओढला आणि खिडकीच्या फळीवर ठेवला. क्लेमंटने तो आभाळाकडे धरला. बाहेरचा उजेड आतल्यापेक्षा चांगला. घोट घेतला.

“आज बरी आहे,” तो म्हणाला.

सगळं सुरू झालं ते इथून. आठवड्याभरात हॉरेसच्या लक्षात आलं की क्लेमंटची जीभ चुकत नाही. मग पद्धतच पडली. रोज दार उघडण्याआधी प्रत्येक पिपातला अर्धा ग्लास खिडकीत जायचा: कडवट बिअर, सौम्य काळी आणि पाहुणी म्हणून जी कुठली आली असेल ती. क्लेमंटने मान डोलावली तर विकायची, हलवली तर मोरीत ओतायची. एकदा दूरच्या गावाहून मधाची बिअर आली होती. तिच्यावर क्लेमंट दहा मिनिटं घोटाळला. शेवटी म्हणाला, “ही बिअर नाही. ही आत्याबाई आहे.” ओतली.

पेटी मोडल्यावर त्याने खिडकीखाली भिंतीला लागून दगडाचा ओटा रचला, उंची नीट मोजून. पावसासाठी वर छत्री खोचायला भोक ठेवलं. हॉरेसने आतून फळी रुंद करून दिली. दोघांनी याबद्दल एकमेकांशी अवाक्षर काढलं नाही. बिअरखेरीज ते दुसऱ्या कशावरही बोलत नसत, कारण भांडण चालू होतं.

क्लेमंट आमच्या बाणफेकीच्या, म्हणजे डार्ट्सच्या, संघातही होता. तो बाहेरूनच फेकायचा. बाण खिडकीतून यायचा, हातपंपांवरून, चर्चच्या पाळकसाहेबांच्या डोक्यावरून, आणि फळ्यावर जाऊन बसायचा. शेजारच्या गावाने तक्रार केली. मंडळाची सभा भरली. नियमात लिहिलं होतं की खेळाडू रेषेच्या मागे हवा. क्लेमंट रेषेच्या सोळा फूट मागे होता. तक्रार निकालात निघाली. पाळकसाहेब मात्र त्यानंतर दुसरीकडे बसू लागले.

एकोणनव्वद साली त्याच्या मुलीचं, हेस्टरचं, लग्न झालं आणि जेवण पबातच ठेवलं. नवरीच्या बापाने भाषण खिडकीतून केलं. पाऊस पडत होता. नवऱ्याची आई लीड्सची, तिला काही ठाऊक नव्हतं. ती माझ्या शेजारी होती.

“ते गृहस्थ कोण हो?” तिने विचारलं.

“नवरीचे वडील.”

“मग आत का येत नाहीत?”

“बंदी आहे त्यांना.”

“अगं बाई! काय केलं त्यांनी?”

“बिअर आंबट आहे म्हणाले.”

“होती का?”

“होती की.”

 मग तिने ताटलीत डुकराच्या मांसाचं आणखी एक पॅटिस घेतलं आणि दुसऱ्या बाजूला तोंड करून खाल्लं.

क्लेमंटची बायको एनिड. ती म्हणायची, “बाकीच्यांचे नवरे पबातून पिऊन येतात. माझा भिजून येतो.”

अठ्ठ्याण्णव साली हॉरेसला छातीचं दुखणं लागलं आणि तो इस्पितळात पडला. तिथे क्लेमंटला बंदी नव्हती. तो रोज बस पकडून जायचा आणि तासभर खाटेशेजारी बसायचा. एकदा परतीच्या बसमध्ये मी त्याच्याबरोबर होतो.

“काय बोलता रे तुम्ही?” मी विचारलं.

“तळघराचं. उत्तरेचा झरोका पावसात उघडायचा नाही म्हणाला.”

“आणि बंदीचं?”

“त्याने काढलं नाही.”

“मग तू काढायचंस!”

“मी कसं काढू?” क्लेमंट खिडकीबाहेर बघत म्हणाला. “बिचाऱ्याला आधीच धाप लागते.”

हॉरेस गेला. क्रियाकर्मानंतरचं खाणंपिणं पबात झालं तेव्हा क्लेमंट काळा कोट घालून आपल्या ओट्यावर बसला होता. आत वाद पेटला. खाटीक गिल्बर्ट म्हणाला, “मरेपर्यंत म्हणाला होता. मेला. संपली बंदी. ये आत.”

“कोणाच्या मरेपर्यंत?” क्लेमंटने बाहेरून विचारलं.

 त्या दिवशी आत असलेल्यांपैकी आम्ही तिघे उरलो होतो. तिघांनी वाक्य आठवून पाहिलं. हॉरेसने खरंच नाव घेतलं नव्हतं.

“तो माझ्याकडे बोट करून बोलत होता,” क्लेमंट म्हणाला. “म्हणजे माझ्याच.”

नवी मालकीण जोसलिन पीक स्टॉकपोर्टहून आली. बाई कामाची आणि तोंडाने फटकळ. पहिल्याच दिवशी तिने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. “अहो, मी मालकीण आहे इथली. मी सांगते, या आत.”

“बाई, तुम्ही घातलेली बंदी नव्हे ही. तुम्ही कशी उठवणार?”

तिने रीतसर पत्र लिहिलं, बंदी उठवली आहे म्हणून, खाली सही-शिक्का. मीच ते नेऊन दिलं. क्लेमंटने पाकीट न उघडता परत केलं. “पत्त्यावर माणूस सापडला नाही असं लिही,” म्हणाला. मी पबात येऊन ते जोसलिनला दिलं. ती मला जे म्हणाली ते मी पोस्टमनच्या नोकरीत दुसऱ्या कोणाकडून ऐकलं नाही. पण महिन्याभरात तीही दार उघडण्याआधी अर्धे ग्लास ओळीने फळीवर मांडू लागली.

मग दोन हजार चार सालच्या मार्चमध्ये खिडक्या बदलल्या. इमारत ज्यांच्या मालकीची होती त्यांच्या कचेरीने थंडी अडवण्यासाठी माणसं पाठवली. जोसलिन दाताच्या डॉक्टरकडे गेली होती. ती परत आली तेव्हा हातपंपांजवळ दुहेरी काचेची, न उघडणारी, अगदी गुळगुळीत खिडकी बसलेली होती आणि बाहेर क्लेमंटचे ओठ हलत होते.

जोसलिन काचेवर कपाळ टेकवून ओरडली, “काय म्हणताय?”

त्याचे ओठ पुन्हा हलले.

दारातून बाहेर नेऊन दिलेला ग्लास त्याने घेतला नाही असं नाही. पण वाऱ्यात चौदा पावलं चालून फेस मोडायचा आणि त्याचा निकाल आत पोचायचा नाही. एक मान तेवढी कळायची. कशामुळे, ते कळायचं नाही. आम्ही पाटीवर खडूने लिहून पाहिलं. क्लेमंट चष्मा विसरायचा. मग हेस्टरने त्याला मोबाइल दिला. जोसलिनने आपला फोन मोठा आवाज यावा म्हणून रिकाम्या ग्लासात उभा केला. क्लेमंट फोनमध्ये बोलायचा तो डोंगरापलीकडे हाक मारल्यासारखा. त्यामुळे तो आधी काचेतून बारीक ऐकू यायचा आणि लगेच ग्लासातून घुमून. प्रत्येक शिवी दोनदा पडायची. तिसऱ्या दिवशी त्याने फोन खिशात घातला आणि गेला.

तो चार दिवस आला नाही. पाचव्या दिवशी चर्चच्या गायकवृंदाने तालमीनंतर काळी बिअर घेतली, कोणी न चाखलेली. रविवारी वृंदात दोनच आवाज होते.

सोमवारी पबात सभा झाली. कोणी म्हणालं भिंत फोडा, कोणी म्हणालं पब विका. तीस वर्षं लोकांच्या पत्त्यांतली चूक शोधण्यात घालवलेला माणूस मी. माझं डोकं शब्दांवर अडकतं. मी म्हटलं, “हॉरेस नक्की काय म्हणाला होता? या दारात पाय ठेवायचा नाही. पाय! बाकीच्या क्लेमंटबद्दल तो काहीच बोललेला नाही.”



“उचलून आणायचा?” गिल्बर्ट म्हणाला. “वजन बघितलंस का त्याचं?”

आम्ही क्लेमंटच्या घरी गेलो. त्याने ऐकून घेतलं आणि एक आठवडा मागितला. एनिड सांगत होती, तो आठवडाभर जेवताना मधेच थांबायचा आणि आपल्या बुटांकडे बघायचा. शेवटी त्याने निरोप पाठवला: कबूल. पण खुर्ची मला बाहेरून आणू द्या, पाय टेकायला चौरंगही माझा. आणि पाठमोरा न्यायचा, म्हणजे मी चालून आलो असं कोणाला म्हणता येणार नाही.

ठरल्या दिवशी बासष्ट वर्षांचा क्लेमंट घरापासून तीन मैल डोंगर उतरून ताडताड चालत आला, पबासमोर खुर्चीत बसला आणि म्हणाला, “हं, उचला.”

खुर्चीला दोन दांडे बांधले होते. पुढे गिल्बर्ट आणि पाळकसाहेब, मागे मी आणि गावचे डॉक्टर. दार अरुंद. खुर्ची अडकली. तिरकी केली तर क्लेमंट घसरू लागला. मग त्याला जवळजवळ आडवा केला. टोपी तोंडावर, हात छातीवर. रस्त्याने एक डोंगर चढायला आलेलं जोडपं चाललं होतं. ते थांबलं आणि दोघांनी टोप्या काढल्या.

“डोकी झाका,” टोपीखालून क्लेमंट म्हणाला. “सर्दी होईल.”

बाई किंचाळली आणि नवऱ्यामागे लपली.

आत नेऊन त्याला हातपंपांसमोर ठेवला, पाय चौरंगावर. अठ्ठावीस वर्षांनी. टाळ्या वाजवाव्यात की नाही हे कोणालाच समजेना. जोसलिनने कडवट बिअर ओढून त्याच्या हातात दिली. त्याने ती उजेडाला धरली नाही. नुसती मांडीवर ठेवली.

“मला तिकडे करा जरा,” तो म्हणाला.

“कुठे?”

“हॉरेस उभा राहायचा तिथे.”

आम्ही खुर्ची पंपांमागे नेली. तिथली जमीन उंच आणि नवी काच अगदी जवळ होती. तिच्यातून रिकामा दगडी ओटा, छत्रीचं भोक आणि पलीकडे त्यानेच रचलेला लांबच लांब गडगा दिसत होता. क्लेमंट बराच वेळ बघत राहिला.

“इथून सगळाच मी दिसत असणार,” तो हळूच म्हणाला. “मला वाटायचं, त्याला फक्त डोकं दिसतं.”

मग त्याने घोट घेतला. आम्ही श्वास रोखला. त्याने मान डोलावली.

तेव्हापासून हे चालू आहे. पहिल्या हंगामात बाणफेक बुडाली. रेषेवरून फेकलेले त्याचे बाण फळ्यात इतके खोल जायचे की सुतार बोलवावा लागायचा. उचलणाऱ्यांच्या पाळ्यांचा कागद दाराशी लावलेला आहे. डॉक्टरांची कंबर गेली, त्यांच्या जागी त्यांची बहीण येते. ती आमच्यातली सगळ्यांत बळकट. इमारतीच्या मालकांचा एक माणूस तपासणीला आला होता. त्याने कागद वाचला आणि विचारलं, “या गृहस्थांना चालता येत नाही का?”

“येतं की,” जोसलिन म्हणाली. “तुमच्यापेक्षा भरभर.”

त्याने वहीत काहीतरी लिहिलं, खोडलं, आणि मग एक पाइंट मागितला.

मंगळवारी माझी पाळी असते. गेल्या मंगळवारी ऊन चांगलं कडक होतं. आम्ही चौघांनी क्लेमंटला आत नेईपर्यंत घाम निथळत होता आणि चौघांचे घसे कोरडे. पंपावर त्या दिवशी एकच पीप होतं, बाकीची अजून निवायची होती. क्लेमंटने ग्लास हुंगला, घोट घेतला, तोंडात फिरवला आणि मान हलवली.

“क्लेम,” मी म्हटलं, “थोडीशीच असेल ना बिघडलेली? आम्हाला चालेल.”

“आम्हाला अगदी चालेल,” गिल्बर्ट म्हणाला.

क्लेमंटने जोसलिनकडे पाहिलं. जोसलिनने नळी लावली आणि अख्खं पीप मोरीत सोडलं. आम्ही चौघं तो आवाज ऐकत उभे राहिलो. मग कपाळं पुसली, दांडे खांद्यावर घेतले आणि त्याला बाहेर काढला.