मागचं पुसू काय?

दिग्रसच्या बसस्टँडसमोरच्या फोटो स्टुडिओत तो चालवणारी बाई एकटीच बसली होती. टेबलफॅनचं तोंड लॅपटॉपकडे होतं आणि ती स्वतः पदरानं मान पुसत होती. खालून हवा खेळावी म्हणून तो जुना लॅपटॉप बाटल्यांच्या झाकणांवर टेकवला होता.

माझी आई नुकतीच गेली होती. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात हार घालून ठेवायला मला एका लग्नातल्या ग्रुप फोटोतून तिचा एकटीचा फोटो करून हवा होता. बाईनं शेजारचे नातेवाईक पुसले, मागे निळा रंग भरला आणि सगळं अडकलं. पडद्यावर चक्र फिरत राहिलं. ती चिडली नाही. माऊसवरचा हात मांडीवर ठेवून नुसती बघत राहिली.

"आपण केलेलं सारं ध्यानात ठेवते हे, म्हणून अडकते," ती म्हणाली. "मागचं पुसलं का हलकं होते. पण मंग उलटं जाता येत नाही. पुसू काय, भाऊ?"

दवाखान्याच्या खेपांनी मी इतका थकलो होतो, की फक्त मान हलवली.

लॅपटॉप खरंच पळू लागला. मग मला दिसलं, मागचं पुसण्याआधीच सवयीनं तिनं आईचा चेहरा गोरापान करून टाकला होता.

"ताई, माय सावळी होती माझी."

तिनं सुस्कारा टाकला, केलेलं सगळं सेव्ह न करताच बंद केलं. "मूळ फोटो आहे न. पहिल्यापासून करतो."

पुसलेले नातेवाईक परत आले. त्यांच्या गर्दीत सावळी आई हसत उभी होती.

"जरा वेळ असंच राहू द्या," मी म्हणालो.

तिनं माऊस सोडला आणि पंख्याचं तोंड माझ्याकडे वळवलं.