म्हणे डायरेक्ट सॅन फ्रान्सिस्को!

कॅलिफोर्नियात, सांता क्लाराच्या ऑफिसात लंचला आम्ही तिघं मराठी: पुण्याची वैदेही, नागपूरचा शिरीष आणि मी. २००३च्या सुमारास आमचे आई-वडील इकडे यायला लागले आणि टेबलावर डब्यांपेक्षा विमानांचे किस्सेच जास्त उघडायला लागले. भारतातून येताना युरोपात एकदा विमान बदललं, की तिथून सॅन फ्रान्सिस्कोला डायरेक्ट फ्लाइट हवी, एवढीच आमची मागणी. जगावेगळी आहे का, सांगा!

*

वैदेहीनं आई-बाबांची फ्रँकफर्टहून 'डायरेक्ट' तिकिटं काढली. बाबांना डायबेटिस, म्हणून मुद्दाम. तरी दोघांना शिकागोत उतरवलं. इमिग्रेशन, बॅगा उचला, बूट काढा, आणि पुढे दुसरंच विमान!

तिनं एजंटला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, फ्लाइट नंबर एकच आहे ना? मग डायरेक्टच! नॉन-स्टॉप हवं होतं, तर तसं म्हणायचं!"

म्हणजे चूक हिचीच!

*

मी शहाणा झालो. 'नॉन-स्टॉप' असं दोनदा बजावून लंडनहून आईचं तिकीट काढलं. तिचे गुडघे पार गेलेले. आठवडा उरला असताना ईमेल आली: नॉन-स्टॉप बंद, आता वॉशिंग्टनमार्गे.

फोनवर चाळीस मिनिटं संगीत ऐकवून विमान कंपनीच्या बाई म्हणाल्या, "उलट चांगलं, सर! आईंना मध्ये पाय मोकळे करता येतील!"

मी फोन आपटला. फुटला तो माझाच!

*

शिरीष कामासाठी ॲमस्टरडॅमला गेला. परतीच्या नॉन-स्टॉपमध्ये जागा होती, पण पैसे वाचवायला ऑफिसच्या ट्रॅव्हल डेस्कनं पाठवला डेट्रॉइट, डेन्व्हर करत. लेकीचा वाढदिवस हुकला. मॅनेजर म्हणतो, "पण यार, फुकट तिकिटासाठी माइल्स किती मिळाले बघ!"

लेक फक्त एवढंच म्हणाली, "डॅडी, प्लेन्स कॅन गो स्ट्रेट, यू नो."

*

मग शिरीषची आई एकटी आली. तिलाही असंच फसवलं. शिकागोला विमान रिकामं झालं, तरी काकू सीटवरच!

"तिकिटावर सॅन फ्रान्सिस्को लिहिलंय. मी नाही उतरत."

सफाईवाले आले, हिंदी बोलणारी एक मुलगी आली. काकू ढिम्म. शेवटी पायलट आला, हात जोडले, त्यांची पिशवी उचलली आणि इमिग्रेशनच्या रांगेपर्यंत सोडायला गेला.

सॅन फ्रान्सिस्कोला उतरलेल्या काकूंकडून शिरीषनं हे ऐकलं मात्र, त्यांना घेऊन तो तडक विमान कंपनीच्या काउंटरवर गेला. "सत्तरीच्या बाईला असं वागवता? लाज नाही वाटत?" अर्धा तास नुसता भडिमार!

काकूंनी त्याची बाही ओढली. "अरे, तो एवढा मोठा पायलट, त्यानं पिशवी धरली. तुझं भांडण झालं असेल, तर तूही धर!"