वेसण नसलेल्या पेशी

उमापूरला आमच्या घरी वर्षभर रोज सकाळी गुळवेलीचा काढा उकळायचा. तो मीच करायचे. धाकट्या बहिणीला सारखे जुलाब व्हायचे, रक्त कमी व्हायचं, दोनदा न्यूमोनियाही झाला. सगळे म्हणायचे, पोरीची प्रतिकारशक्ती कमी आहे. घरात कॉलेजात गेलेली मी एकटीच, त्यातून मायक्रोबायोलॉजीची. म्हणून किती द्यायचा, हेही मलाच विचारायचे. मी ठामपणे सांगायचे. आता लिहितानाही लाज वाटते.

"ताई, तूच पी की घोटभर," ती नाक दाबून म्हणायची. "मग कळंल तुझं शिक्षण."

पुण्यातल्या डॉक्टरांनी जनुकांची तपासणी केली तेव्हा उलटंच निघालं. टी-पेशी शरीराचं रक्षण करतात. त्यांच्यावर सीटीएलए-४ नावाचं एक प्रथिन असतं, ते त्यांना वेळेवर आवरतं. बहिणीच्या शरीरात ते पुरेसं तयारच होत नव्हतं. तिच्या पेशी तिच्याच आतड्यावर, तिच्याच रक्तावर चालून जात होत्या.

"काढ्याने वाढलं असेल का?" मी विचारलं.

"सांगता येणार नाही. पण बंद करा."

हा भाग मला दुसऱ्या वर्षाला होता. परीक्षेत मी त्याची आकृतीही काढली होती.

बाहेर बाकावर बसून मी आईला समजावलं.

"म्हंजी बैल दांडगा हाय, पण वेसण न्हाई."

"हो."

"आन् आपुन त्याला वरून पेंड चारत होतो."

औषधांनी काही महिने बरं गेलं, मग त्यांचाही उपयोग होईना. आता बोनमॅरो बदलणं एवढाच उपाय होता, आणि सख्ख्या भावंडाची मिळाली तर उत्तम. आम्ही दोघीच. मी तपासणीसाठी रक्त दिलं. पहिला रिपोर्ट आला, पूर्ण जुळलं होतं. बहिणीने त्याच दिवशी केस कापून घेतले. उपचारात गळणारच आहेत, म्हणाली.

"ताई, तुझी अक्कल पण येईल का गं माझ्यात? ती नको मला."

माझ्या जनुकांचा रिपोर्ट उशिरा आला. तोच दोष माझ्यातही होता. काही जणांना तो असूनही वर्षानुवर्षं काही होत नाही, डॉक्टर म्हणाले. पण अशी बोनमॅरो तिला देता येणार नव्हती. बाहेरचा दाता शोधू, असंही म्हणाले, पण कधीपर्यंत मिळेल ते त्यांनी सांगितलं नाही आणि मला विचारवलं नाही.

घरी आले तेव्हा ती गादीवर पडून होती. उठून बसण्याइतकी ताकद राहिली नव्हती.

"कधी जायचं?"

मी तिला सगळं सांगितलं. शब्द सापडत नव्हते, त्यामुळे पुस्तकातल्यासारखंच सांगितलं. ती रडेल असं वाटलं होतं. तिने माझा हात धरला आणि हळूच विचारलं, "मग तुला कधी सुरू होईल?"

माहीत नाही, एवढंच मी म्हणाले.